मार्गशीर्षात अंडी का आटतात? कोंबडीचा मेंदू, संप्रेरकं आणि एक दिवा

माळावरचा (धागाकर्ता)

मंडळी,

श्रावणात माझ्या साठ ग्रामप्रिया कोंबड्या रोज चाळीस-बेचाळीस अंडी देत होत्या. आता मार्गशीर्ष लागलाय. परवा पंधरा, काल सतरा. खाद्य तेच, पाणी तेच, जंताचं औषध वेळेवर दिलेलं. आजारी कुणी नाही, फक्त तुरे फिके पडलेत. खाद्याच्या दुकानदाराने टॉनिकची बाटली गळ्यात मारली. तिने माझा खिसा हलका झाला, बाकी काही नाही. शेजारचे तात्या रोज कुंपणावरून एकच सांगतात, "अहो, मोठे पोल्ट्रीवाले मारतात तसलं हार्मोनचं इंजेक्शन मारा. त्याशिवाय रोज अंडं येतंय होय?"

तात्यांना उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो आणि चांगलाच गुंतलो. जे कळलं ते इथे मांडतो. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

जुन्नरकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा. आपल्याला हा फरक स्वेटर काढताना जाणवतो, कोंबडीला डोक्यात जाणवतो. अगदी शब्दशः. तिला दिवस किती मोठा आहे हे कळतं ते प्रामुख्याने डोळ्यांनी नव्हे, कवटीतून. उजेड पिसं, कातडी आणि पातळ हाड ओलांडून मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागापर्यंत पोचतो आणि तिथल्या काही पेशी तो थेट टिपतात. फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी १९३०च्या दशकात बदकांवर हे दाखवलं. डोळे काढलेल्या बदकांनाही जास्त वेळ उजेड दिला की त्यांचे वृषण वाढत. पुढे त्यांनी क्वार्ट्‌झच्या बारीक कांडीतून उजेड थेट मेंदूत सोडून पाहिला, तरी तेच. प्रयोग निर्दय होता, पण लेयर शेडमध्ये, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये, लटकणारा बल्ब काम कसा करतो ते त्यातून उलगडलं.

उजेड पुरेसा लांबला की हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचा इवलासा निरोप सोडतो. तो वीतभरही प्रवास करत नाही, खालीच टांगलेल्या पीयूष ग्रंथीत उतरतो. ती एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते आणि ती अंडाशयात पोचतात. अंडाशय एकच, डावं. उजवं पिल्लू अंड्यात असतानाच वाढायचं थांबतं.

अंडी देणारी कोंबडी कापल्यावर तिच्या पोटात तुम्ही द्राक्षाच्या घडासारखे पिवळे गोळे पाहिले असतील. ते सगळे बलक. मजा अशी की ते एकसारखे नसतात, उतरत्या क्रमाने रांगेत असतात. सगळ्यात मोठा उद्याचा, त्याहून थोडा लहान परवाचा, असे पाच-सहा. रोज साधारण एक नवा, सहा ते आठ मिलिमीटरचा बारका दाणा या रांगेत घेतला जातो आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत फुगून चार सेंटिमीटरच्या घरात जातो. हा पिवळा माल अंडाशय बनवत नाही. तो बनवतं यकृत. अंडाशयातून निघालेलं इस्ट्रोजेन यकृताला ऑर्डर देतं, यकृत स्निग्ध आणि प्रथिनं रक्तात चढवतं आणि वाढणारे बलक ती शोषून घेतात.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. अंडं दिवसा येतं, पण ते सोडायचं की नाही हा निर्णय रात्री होतो. रांगेतला पहिला गोळा पिकला की प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. ते मेंदूपर्यंत पोचतं, मेंदू एलएचची लाट सोडतो, त्या लाटेने आणखी प्रोजेस्टेरॉन सुटतं, आणि लाटेनंतर चार ते सहा तासांनी बलक सुटतो. मात्र मेंदू ही लाट केव्हाही येऊ देत नाही. अंधार पडल्यापासून साधारण आठ-दहा तास दार उघडं असतं. त्या वेळात गोळा तयार नसेल तर उद्या या.

म्हणून काल संध्याकाळी मी टॉनिक फेकलं आणि खुराड्यात बल्ब लावला. पहाटे साडेसहाला सुरू. दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे आणत चौदा तासांवर न्यायचा विचार आहे. तुमचे अनुभव सांगा.

पिठलंभात

वाचनखूण साठवली. पण एक बाळबोध शंका. कोंबडा लागत नाही का?

माळावरचा

@पिठलंभात, अंडं यायला नाही. पिल्लू व्हायला लागतो. वरच्या साखळीत कोंबड्याचं नाव कुठेच नाही, बघा.

गुरांचा डॉक्टर

लेख छान. तात्यांच्या इंजेक्शनबद्दल आधी बोलतो, कारण हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात.

लोक इंजेक्शन बघतात हे खरं आहे. ते लसीचं असतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हिची एक लस डोळ्यात-नाकात थेंब टाकून देतात, दुसरी साधारण आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचतात. शेडमध्ये सिरिंज दिसली की गावात बातमी पसरते, "हार्मोन मारतात."

आता हिशेब करा. जीएनआरएच, एलएच ही प्रथिनांच्या जातीची संप्रेरकं. खाद्यातून दिली तर पोटात पचून जातील. म्हणजे टोचायला हवीत, तीही प्रत्येक पक्ष्याला, पुन्हा पुन्हा, नेमक्या वेळी. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये हे करणार कोण? एका डोसाला जे पडेल त्यात अंड्यांचा ट्रे येईल. आणि रोज हात लावून घाबरवलेली कोंबडी अंडी वाढवत नाही, कमी करते.

अफवेला एक जुना धागा मात्र आहे. अमेरिकेत १९४० आणि ५०च्या दशकांत नर पक्ष्यांच्या मानेत डीईएस या कृत्रिम इस्ट्रोजेनची गोळी बसवत. तीही मांस मऊ आणि चरबीदार व्हावं म्हणून, अंड्यांसाठी नाही. १९५९ साली कोंबड्यांत तो प्रकार तिथे बंद झाला. गोळी गेली, गोष्ट उरली.

एक दुरुस्ती. तुम्ही फक्त ॲक्सिलरेटरबद्दल लिहिलंत. ब्रेकही असतो. २००० साली जपानमध्ये काझुयोशी त्सुत्सुई यांच्या गटाला जपानी लावा पक्ष्याच्या मेंदूत जीएनआयएच सापडलं, जीएनआरएचच्या उलट काम करणारं. अंधारात मेलाटोनिन वाढतं आणि ते हा ब्रेक दाबायला मदत करतं असं लाव्यावरच्याच कामातून दिसलं. म्हणजे लांब रात्री पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो, शिवाय ब्रेकवर पडतो. तुमच्या कोंबड्यांचे तुरे फिके पडले तेही यातूनच. तुऱ्याची लाली अंडाशयातल्या संप्रेरकांवर चालते. अंडाशय आक्रसलं की तुरा आक्रसतो.

आकडेमोड

माझं एक गणित जुळत नाहीये. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर यायला किती वेळ?

गुरांचा डॉक्टर

अंडनलिकेच्या तोंडाशी असलेल्या नरसाळ्यासारख्या भागात पाव तास, पांढरं चढायला तीन तास, आतली पातळ पापुद्र्याची पिशवी बनायला सव्वा तास आणि कवचाला वीस तासांच्या आसपास. एकूण चोवीस ते सव्वीस तास. अंडं घातलं की साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो.

आकडेमोड

तेच म्हणतोय! चक्र पंचवीस तासांचं आणि दिवस चोवीस तासांचा. म्हणजे अंडं रोज तासभर उशिरा यायला हवं. मग महिन्याभरात कोंबडी मध्यरात्री अंडं घालेल की.

माळावरचा

ती तिथपर्यंत पोचतच नाही! चंद्री नावाची एक वेगळ्या खोपटात आहे, तिची वही ठेवलीय. सोमवारी ७:३०, मंगळवारी ९:००, बुधवारी ९:५०, गुरुवारी १०:५०, शुक्रवारी १२:४५. शनिवारी सुट्टी. रविवारी पुन्हा साडेसातला हजर.

शुक्रवारी दुपारी अंडं घातल्यावर पुढचा बलक लगेच सुटायचा, तर त्याची एलएचची लाट सकाळी सात-आठला यायला हवी होती. तोवर रात्रीचं दार बंद. म्हणून तो बलक शुक्रवारी रात्रीच्या लाटेची वाट बघत थांबतो, शनिवारी सकाळी सुटतो आणि रविवारी अंडं होऊन येतो. शनिवारी खुराड्यात अंडं दिसत नाही, पण पोटात काम चालूच असतं.

गुरांचा डॉक्टर

वही जपून ठेवा. पहिल्या अंड्यानंतरचा आणि शेवटच्या अंड्याआधीचा उशीर जास्त आणि मधला कमी, हे पुस्तकात असतं ते तुमच्याकडे घरच्या कोंबडीत आलंय. पैदाशीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलं ते हेच. ज्यांचं चक्र चोवीस तासांच्या जवळ त्यांना ठेवलं. बीव्ही-३०० सारख्या व्यावसायिक लेयरला सुट्टी फार क्वचित लागते, चंद्रीला आठवड्यातून एकदा लागते. रानकोंबडी तर वर्षाला दहा-पंधरा अंडी घालून मोकळी होते. मेंदू तोच, पट्टा ढिला केलाय. २०१० साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी पाळीव कोंबड्यांच्या जनुकांत माणसाच्या निवडीच्या खुणा शोधल्या, तेव्हा ठळकपणे पुढे आलं ते थायरॉइडशी जोडलेलं टीएसएचआर जनुक. पक्ष्यांत ऋतू ओळखायच्या यंत्रणेत त्याचा हात असतो. ऋतूचं बंधन सैल करण्यात ते कामाला आलं असावं, असा त्यांचा अंदाज.

सड्यावरची

आम्ही देवगडकडचे. तुमच्या या सगळ्या हार्मोनांत माझी गावठी कोंबडी कुठे बसते ते सांगा. पंधरा-सोळा अंडी घालते आणि खुडूक होते. दिवस मोठा असो की छोटा. मग टोपलीत बसून राहते, हात घातला की पिसं फुलवून गुरगुरते, खायलाही उठत नाही. आजी तिच्या नाकात तिचंच पीस खुपसायची, किंवा पाण्यात बुचकळायची. पिल्लं हवी असतील तर रवणाला बसवायची. पीस खुपसलेली कोंबडी दिवसभर मान झटकत फिरायची, मला फार वाईट वाटायचं.

गुरांचा डॉक्टर

खुडूकपणा म्हणजे प्रोलॅक्टिन. बाईच्या अंगावर दूध आणणारं तेच संप्रेरक इथे पक्ष्याला अंड्यावर बसवतं. ते सोडायला सांगणारा मेंदूतला निरोप्या म्हणजे व्हीआयपी. थट्टा नाही, खरंच त्याचं नाव हे आहे. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श झाला की व्हीआयपी वाढतो, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं, प्रोलॅक्टिनने एलएच दाबलं जातं, अंडाशय सुकतं आणि कोंबडी आणखी घट्ट बसते. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी होते, तिथे रक्त वाढतं, म्हणजे ऊब थेट अंड्याला.

आजीचे उपाय बघा. पाण्यात बुचकळलं की पोट गार पडतं. पीस खुपसलं की ती अस्वस्थ होऊन टोपली सोडते. दोन्हींचा परिणाम एकच, पोटाचा अंड्याशी संबंध तुटतो. पण त्यासाठी छळायची गरज नाही. जाळीचा तळ असलेल्या, खालून वारा येणाऱ्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, गवत-भुसा काही घालू नका, खाणं-पाणी भरपूर द्या. टोपली मिळाली नाही की प्रोलॅक्टिन आपोआप उतरतं. पुन्हा अंडी द्यायला लागायला दोन-तीन आठवडे धरा, कारण रांग नव्याने उभी राहायची असते. पहिल्याच दिवशी ओळखलंत तर काम सोपं. आठवडाभर बसू दिलीत तर उशीर लागतो.

पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये हा गुण निवडून जवळजवळ घालवलाय. म्हणून ती अंडी देते आणि पिल्लं मशीन काढतं.

सड्यावरची

म्हणजे आजीला विज्ञान कळत होतं!

गुरांचा डॉक्टर

आजीला कोंबडी कळत होती. पीस मात्र नको.

बल्बवाला

शेडचं वायरिंग करतो म्हणून लिहितो. पट्ट्या-पट्ट्यांचे निळसर पांढरे एलईडी लोक घेतात कारण लख्ख दिसतात. पण कवटीतून आत जायचं म्हणताय तर लाल-पिवळा उजेड बरा ना? आमच्याकडे जुने पोल्ट्रीवाले पिवळाच मागतात, कारण विचारलं तर "आमचं आधीपासून तसंच" म्हणतात.

माळावरचा

बरोबर पकडलंत. लांब तरंगलांबीचा, म्हणजे लालकडचा उजेड हाडा-मांसातून जास्त आत जातो. निळा वरच्या वर अडतो. उबदार पिवळा एलईडी उत्तम. प्रखरही लागत नाही, दाणीपाशी दहा लक्स पुरे, म्हणजे वर्तमानपत्राचे मथळे सहज वाचता येतील एवढाच. जास्त लख्ख केलं तर एकमेकींना टोचायला लागतात.

लोडशेडिंगग्रस्त

आमच्याकडे वीज कधी येते, कधी जाते देव जाणे. मध्येच दोन तास अंधार झाला तर?

गुरांचा डॉक्टर

कोंबडी उजेडाचे तास बेरीज करून मोजत नाही. पहाट कधी झाली आणि मावळलं कधी, हे ती धरते. मधला थोडा अंधार मेंदू दिवसातच जमा करतो. म्हणून पहाटे तासभर गेली तर घाबरू नका. खरी गडबड होते ती आज चार वाजता पहाट, उद्या सात वाजता, परवा पुन्हा चार, असं झालं की. बॅटरीवर चालणारा एक छोटा दिवा आणि टायमर, एवढ्यात भागतं.

आणि उजेड पहाटेच वाढवा, संध्याकाळी नको. संध्याकाळचा दिवा पटकन विझला तर कोंबड्या जमिनीवरच अंधारात अडकतात, दांडीवर चढता येत नाही. पहाटेचा दिवा लावला की संध्याकाळ नैसर्गिक राहते, त्या आपल्या आपण चढून बसतात.

दोन गोष्टी कधीच करू नका. अंड्यावर आलेल्या कोंबडीचा उजेड कमी करू नका, आणि वाढत्या तलंगांचा वाढवू नका. तलंगेला वेळेआधी उजेड दिला तर अंगाची वाढ पुरी व्हायच्या आधी अंडाशय जागं होतं. अंडी बारीक येतात, अंग बाहेर पडण्याचे प्रकार होतात. सुरुवातीला रांग नीट लागलेली नसते, म्हणून दोन बलक एकदम सुटून जोडबलकाची अंडीही येतात.

पिठलंभात

जोडबलक निघालं की आम्ही भांडायचो कोण खाणार म्हणून. आता कळलं, कोंबडी नवशिकी होती.

चौकट राजा

वेगळं मत. हे सगळं वाचून अंडी वाढतील, मान्य. पण थंडीत त्या थांबतात म्हणजे शरीर विश्रांती मागतंय. पिसं झडतात, नवी येतात. तुम्ही बल्ब लावून तो हक्क काढून घेताय. घरच्या साठ कोंबड्यांसाठी ही घाई कशाला?

माळावरचा

हा मुद्दा मला स्वतःला टोचत होता. उत्तर अर्धंच आहे. कवचासाठी रोज दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं आणि रक्तात एका वेळी असतं अगदी थोडं. पहिलं अंडं यायच्या दहा-पंधरा दिवस आधी इस्ट्रोजेन पायाच्या हाडांच्या पोकळीत मऊ, भुसभुशीत हाड तयार करतं, ती तिजोरी. रात्री खाणं नसतं आणि कवच चढत असतं तेव्हा ती तिजोरी उघडते. दिवसा भरली नाही तर तिच्या मूळ हाडालाच हात लागतो. म्हणजे मी दिवा लावणार असेन तर संध्याकाळी शिंपल्याचा जाडसर चुरा ठेवणं ही माझी जबाबदारी. तो पोटात रात्रभर हळूहळू विरघळतो. दिवा लावायचा आणि चुरा द्यायचा नाही, हे मात्र तुम्ही म्हणता तसं लुटणं.

पिसं झडत असलेल्या पाच जणी दिव्याच्या बाहेर ठेवल्यात. त्यांना त्यांची सुट्टी घेऊ दे.

चौकट राजा

पाच जणींबद्दल धन्यवाद. बाकीच्या पंचावन्नांबद्दल माझं मत कायम.

सड्यावरची

अवांतर: दिवाळीनंतर दोन-तीन दिवस अंड्यांवर पांढरी पूड सांडल्यासारखे डाग का येतात? की माझ्याच कोंबडीला?

गुरांचा डॉक्टर

अवांतर नाही, मुद्द्याचंच. अंडं बाहेर ढकलायला व्हॅसोटोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन लागतात, ती गर्भाशय आवळतात. फटाक्याने कोंबडी दचकली की ॲड्रिनॅलिनसारखी घाबरण्याची संप्रेरकं ते आवळणं अडवतात. अंडं आतच थांबतं आणि त्यावर कॅल्शियमचा जास्तीचा हात बसतो. तांबूस अंड्यावर तो पांढरा दिसतो. खायला काही हरकत नाही. खुराड्याजवळ लवंगी लावणाऱ्या पोराचा कान धरा.

आकडेमोड

@माळावरचा, निकाल कळवा. आकड्यांसकट.

माळावरचा

चार आठवडे झाले. पहिले सोळा दिवस काहीच नाही, पंधरा-अठराच्या आत-बाहेर. घरच्यांनी वीजबिल दाखवायला सुरुवात केली होती. तुरे मात्र दहाव्या दिवसापासून लाल व्हायला लागले, आणि काही जणी पाठीवर हात ठेवला की दबून बसू लागल्या. सतराव्या दिवशी बावीस, चोविसाव्याला एकोणतीस, आज चौतीस, पंचावन्नांत. इतका उशीर का ते आता कळतं. मेंदूने लवकर ऐकलं असेल, पण बारक्या दाण्याचा उद्याचा गोळा व्हायला आठ-दहा दिवस जातातच.

तात्या सकाळी आले होते. ट्रे बघून म्हणाले, "शेवटी मारलंच ना इंजेक्शन?" मी बल्बकडे बोट दाखवलं. त्यांनी बल्बकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "किती वॅटचा आहे?"

बल्बवाला

किती वॅटचा आहे?

माळावरचा

नऊ. पिवळा.